पळताना दुसरा किलोमीटर सरता सरत नाही, मन कुठं गुंतवता?

खतवाला_पाथरी

राम राम मंडळी. वय ४३, पाथरीला खत-बियाण्याचं दुकान आहे. जूनमध्ये रक्त तपासलं तर तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ निघाली. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, पोट कमी करा, चाला, जमलं तर पळा. चालायला लागलो, चालता चालता पळायला लागलो. आता आठवड्यातून पाच दिवस कॅनालच्या रस्त्यानं चार किलोमीटर होतात. दोन जायचे, दोन यायचे. न थांबता गेलो तर २८ मिनिटं लागतात.

न थांबता, हीच तर अडचण आहे. पाय दुखत नाहीत, दमही आता तेवढा लागत नाही. पहिला किलोमीटर झोपेतच जातो. दुसऱ्याला जाग येते आणि जाग आली की डोक्यात उधारीची वही उघडते. अमक्याकडं सोयाबीनच्या बियाण्याचे अकरा हजार. तमका पोळ्याला देतो म्हणला होता, दिवाळी होऊन गेली. वहीचं पान उलटलं की पाय आपोआप उभे राहतात. खरं सांगतो, कधी थांबलो ते कळत नाही. रस्त्याच्या मधोमध बोटं मोजत उभा असतो. परवा एका दूधवाल्यानं गाडी थांबवून विचारलं, "शेठ, काही हरवलं का?"

पोरानं कानात घालायचं ते बिनवायरचं आणून दिलं. आठ दिवस लई भारी गेले, भजनं काय, लावण्या काय. नवव्या दिवशी कॅनालवरून डांबरीला लागतो तिथं मागून उसाचं ट्रॅक्टर आलं, दोन ट्रॉल्यांचं. त्याच्या डेकवर गाणं, माझ्या कानात गाणं. ट्रॉलीच्या बाहेर आलेला ऊस खांद्याला घासून गेला आणि शर्ट वीतभर फाटला. घरी सांगितलं बाभळीत अडकला. (बायको हे वाचत नाही म्हणून लिहायलो.) तेव्हापासून ते कानातलं गल्ल्यात पडून आहे, सुट्ट्या पैशांबरोबर.

बघायला जावं तर रस्त्यात काही नाही. एका हाताला कॅनाल, दुसऱ्या हाताला वेड्या बाभळी, मधे मधे ऊस. जिथून परत फिरतो तिथं गुडघ्याएवढा एक दगड आहे. कोणे एके काळी चुना मारलेला, वर आकडा होता, आता फक्त शेवटचा ७ दिसतो. म्हणजे दोन किलोमीटर पळून जायचं आणि बघायचं काय, तर पुसट झालेला सात.

गंमत म्हणजे पावसाळ्यात कटाळा आलाच नाही. काळ्या मातीत दहा पावलं टाकली की बूट पाऊण किलोचा व्हायचा. तो उचलायचा, झटकायचा, परत उचलायचा, यातच फेरी संपायची. आता रस्ता वाळला, टणक झाला आणि डोकं मोकळं सुटलं.

तर कानात काही न घालता तुम्ही मन कुठं गुंतवता? शहरातल्या लोकांनी बागेत पळा, ग्रुप जॉइन करा असं सांगू नये. इथं सकाळी साडेसहाला माझ्याबरोबर पळणारा दुसरा कोणी नाही.

मोंढा_नाका

शेठ, आमच्या रानात या. दोन एकर तूर काढायची आहे. मन आपोआप गुंततं, साखर बी जागेवर येते, आणि मजूर मिळंना गेलाय ते वेगळंच.

खतवाला_पाथरी

@मोंढा_नाका तुमचं खरं नाव माहीत नाही म्हणून बरंय, नाहीतर वही घेऊनच आलो असतो रानात.

आष्टीचा_गडी

काका, मी भरतीची तयारी करतोय, दुसरं वर्ष आहे. आमचं तुमच्या उलट आहे. पोलीस भरतीला १६०० मीटर असतं, त्याला २० मार्क. ५ मिनिटं १० सेकंदांत आलात तर पुरे वीस. तिथं मन दुसरीकडं गेलं की मार्क गेले. मागच्या वेळी तिसऱ्या राउंडला पुढच्या पोराचे बूट दिसले. नवे कोरे. कोणत्या कंपनीचे आहेत ते बघत राहिलो आणि ५:२४ ला आलो. घरी अजून सांगितलं नाही की बुटामुळं गेलं.

आमच्या तालुक्यातलं मांडवा गाव अविनाश साबळेंचं. लहानपणी गाडीची सोय नव्हती म्हणून शाळेसाठी रोज सहा किलोमीटर चालत-पळत जायचे. पुढं फौजेत गेले, महार रेजिमेंटला. २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थला ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८:११.२० लावून चांदी आणली. सोनं ५ शतांश सेकंदानं हुकलं. आमच्याकडची पोरं ती शर्यत मोबाइलवर बघून ग्राउंडला जातात. शेवटच्या शंभर मीटरला कोणीच बोलत नाही, सगळ्यांना माहीत असतं काय होणार आहे तरी.

तुम्हाला एवढं ताणायची गरज नाही. एक करा, विजेचे खांब धरा. एक खांब जोरात, दोन खांब हळू. आमचे सर याला फार्टलेक म्हणतात, स्वीडिश शब्द आहे, वेगाचा खेळ असा अर्थ. पुढचा खांब कधी येतो याच्यावर डोळा राहतो, वही उघडायला वेळ राहत नाही.

सिस्टर_अंबाजोगाई

दादा, कानातलं काढलंत ते बरं केलंत. परत घालू नका. मी दवाखान्यात नोकरीला आहे, ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या केसेस हंगामात किती येतात ते आम्हाला विचारा.

मला रस्त्यावर पळताच येत नाही. दोन दिवस प्रयत्न केला. पहिल्या दिवशी तिघांनी गाडी हळू करून विचारलं, सोडू का कुठं? दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू घरी चौकशीला आल्या. मग कॉलेजच्या मैदानावर जायला लागले. तिथं गोल गोल फिरायचं, त्यामुळं कंटाळा तुमच्या दुप्पट. शिवाय फेऱ्या चुकतात. सातवी की आठवी यावरून मी स्वतःशीच भांडायची.

आता निघताना मुठीत बारा चिंचोके घेते. एक फेरी झाली की कट्ट्यावर एक चिंचोका ठेवायचा. ऐकायला पोरखेळ वाटेल, पण मूठ हलकी होत जाते ना, ते हाताला कळतं. सुरुवातीला मूठ नीट मिटत नाही. शेवटचे तीन उरले की ते घामानं ओले होऊन एकमेकांवर घासतात, कुर्रकुर्र वाजतात. रात्रपाळी करून आलेली असले तरी शेवटचे तीन हातात आले की मी घरी जात नाही. कट्ट्यावर रांगेत ठेवलेले नऊ बघून तसंच सोडून जाववत नाही.

जाता जाता दोन गोष्टी. ६.१ म्हणजे काठावर आहात, ५.७ ते ६.४ हा तो काठ. तीन महिन्यांनी परत तपासायचं असतं, तुमचे तर सहा झाले! आणि कॅनालला कुत्री असतीलच. अंगावर आलं तर पळू नका, उभे राहा, पाठ दाखवू नका. चावलंच तर हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायचं आणि सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. आणि १५ मिनिटं म्हणजे घड्याळ लावून.

खतवाला_पाथरी

सिस्टर, तपासायचं राहिलंय, कबूल. सोमवारी जातो.

आष्टीच्या पोरा, तुझं ऐकून आज गेलो. कॅनालवर विजेचे खांबच नाहीत! सुरुवातीला तीन आहेत, ते बी एका मोटारीसाठी ओढलेले. मग बाभळी धरल्या. एक बाभळ जोरात, दोन हळू. बाभळी एकाला एक चिकटून आहेत, त्यामुळं शंभर मीटरमध्येच फेस आला. आणि बुटाचं घरी सांगून टाक. ५:२४ काही वाईट नाही.

पीटीसर_नांदेड

चर्चा उशिरा पाहिली. ३१ वर्षं शाळेत पोरं पळवली, म्हणून लिहितो.

आष्टीचा मुलगा म्हणतो मन पळण्यावर ठेवा, शेठ म्हणतात मन दुसरीकडं न्यायचंय. यावर जुना अभ्यास आहे. १९७७ साली मॉर्गन आणि पोलॉक या अमेरिकी संशोधकांनी मॅरेथॉन पळणाऱ्यांना विचारलं, पळताना डोक्यात काय चालतं? अव्वल धावपटू श्वासाकडं, पायाकडं, वेगाकडं लक्ष देत होते. त्यांच्या खालच्या दर्जाचे मन दुसरीकडं नेऊन वेळ काढत होते. हे वाचून मी काही वर्षं पोरांना दरडावत होतो की श्वास मोजा, इकडं तिकडं बघू नका. चूक होती माझी. भरतीच्या पोराला ते चालतं. तब्येतीसाठी पळणाऱ्या माणसाला सतत स्वतःच्या धापेकडं बघायला लावलं तर तो चौथ्या दिवशी येत नाही.

गाण्याचंही तसंच. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कारागेऑर्गिस यांनी हा विषय अनेक वर्षं लावून धरला. मध्यम वेगात गाण्यामुळं कष्ट कमी वाटतात. जीव तोडून पळायला लागलं की शरीरच इतकं ओरडतं की गाणं कानात असूनही मन त्याच्याकडं जात नाही. मध्यम वेग कसा ओळखायचा? बोलता येतं पण गाता येत नाही, तो मध्यम.

मग गाणं कानात घालायचं नसेल तर? पायात घाला. गजानन महाराजांची पालखी शेगावहून निघते, परभणी, गंगाखेड, परळी करत पंढरपूरला जाते. एका वर्षी गंगाखेडपासून परळीपर्यंत मी तिच्याबरोबर चाललो. माझ्या पुढं सत्तरीतले एक बाबा होते, डाव्या पायाला पट्टी बांधलेली. टाळ थांबला की ते लंगडायचे. टाळ सुरू झाला की लंगडणं बंद. मी तासभर त्यांच्या पायाकडंच बघत होतो, पीटीचा मास्तर ना. तेव्हापासून पळताना चार पावलांचा ठेका मनात धरतो, पहिल्या पावलाला जोर. तोंडानं नाव घेतलं तर उत्तमच, नाहीतर एक दोन तीन चार.

आणि शेठ, उधारीबद्दल. तुम्ही दुकान बरोबर घेऊन पळताय. विचार करू नका म्हटल्यानं विचार थांबत नसतो. निघण्याआधी आज ज्यांना फोन करायचा ती तीन नावं कागदावर लिहा आणि कागद गल्ल्यात, त्या कानातल्याशेजारी ठेवा. लिहून झालेली गोष्ट डोकं परत परत उगाळत नाही. निदान माझं तरी नाही.

निवृत्त_पाटकरी

नमस्कार. मला पळण्यातलं काही कळत नाही. नातवानं हे वाचून दाखवलं, त्यात दगडाचं आलं म्हणून त्यालाच लिहायला लावलंय.

शेठ, मी जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर पाटकरी होतो. १९८४ ला लागलो, २०२० ला निवृत्त झालो. तो तुमचा दगड किलोमीटरचा आहे. त्याच्यावरचा आकडा म्हणजे पैठणपासूनचं अंतर, नाथसागरातून कालवा निघतो तिथून. कालवा एकूण २०८ किलोमीटर. पैठणहून निघतो, जालना जिल्ह्यातून येतो, तुमच्या पाथरीवरून परभणीकडं जातो. आम्ही गावाची नावं घेत नव्हतो, दगड बोलायचो. अमक्या दगडाला भगदाड पडलं, तमक्या दगडाला म्हैस पडली. तुमच्या दगडाचा आकडा मला पाठ आहे. सांगू का?

दगडांना चुना मारणं हे पाणीपाळीच्या आधीचं काम. आकडा काळ्या रंगानं काढायचा. आमच्यात एकाचं अक्षर फार सुरेख होतं, सात काढताना शेपूट थोडी वळवायचा. तुमच्या सातची शेपूट वळलेली आहे का बघा.

रस्त्यात बघायला काही नाही म्हणता, तर सध्या रब्बीची पाळी चालू आहे. कालव्यात पाणी असताना बघायला काही नाही असं मी पहिल्यांदाच ऐकतोय. पाण्याचा वेग आम्ही कसा मोजायचो ते सांगतो. काठावर ३० मीटरवर दोन खुणा करायच्या. वरच्या खुणेच्या आधी लाकडाचा तुकडा मधोमध टाकायचा आणि खुणेपासून खुणेपर्यंत घड्याळ लावायचं. काठाजवळ टाकायचा नाही, तिथलं पाणी काठाला घासून मागं राहतं. वरचं पाणी आतल्या पाण्यापेक्षा जोरात जातं, म्हणून आलेल्या वेगाला साधारण ०.८५ नं गुणायचं. एवढ्यावर पाणी किती चाललंय याचा अंदाज साहेबाला द्यायचो.

तुम्ही दगडाकडं जाता म्हणजे पाण्याच्या दिशेनंच जाता. निघताना काहीतरी तरंगणारं टाका आणि पळा. परत येताना ते कुठं भेटतं बघा. पाण्याजवळ मात्र उतरायचं नाही. अस्तरावर शेवाळ असतं, पाय ठेवला की गेलाच. पुलावरून टाका.

आणि रोज चार किलोमीटर पळता तर पैठणपासून मोजत या. नातू म्हणतो ५२ दिवसांत परभणीच्या पुढं निघाल. मला पगार घेऊन ३६ वर्षं लागली.

खतवाला_पाथरी

तीन आठवडे झाले, लिहायचं राहून गेलं. साखर ५.८ आली. सिस्टर, काठावरच आहे पण मागं सरकलोय.

नाना (तुम्हाला नानाच म्हणतो), त्या दिवशी रात्री वाचलं आणि सकाळी दुकानातून तुराटीची जुडी घेऊन निघालो. हातभर लांबीची, गोणी शिवायच्या सुतळीनं बांधलेली, वर चुना फासलेला म्हणजे लांबून दिसावी. पुलावरून टाकली. आधी गोल फिरली, जावं की न जावं असं करत. मग मधली धार सापडली आणि सुटली. मी बी सुटलो.

जाताना तिला लगेच मागं टाकलं. दगडाला वळसा घालून परत फिरलो आणि नजर पाण्यावर लावली. आत्ता दिसंल, मग दिसंल. पहिल्यांदा वाटलं बुडाली, नाहीतर कोणीतरी काढली. मग जांभळाच्या झाडासमोर पांढरं काहीतरी डुलत येताना दिसलं. मंडळी, मी ओरडलो. एकटाच. समोरून दूधवाला येत होता, त्यानं ह्या वेळी गाडी बी थांबवली नाही, अजून जोरात पळवली.

बरोबर निम्म्या वाटेत भेटली. घरी येऊन पोराला हिशोब करायला लावला. नानांनी सांगितलं तसं ३० मीटर मोजलं होतं, ४० सेकंद लागले होते. पोरगं म्हणलं, पाणी तासाला २.७ किलोमीटर चाललंय, तुम्ही साडेआठ, म्हणजे निम्म्याच्या किंचित अलीकडं भेटायला पाहिजे. भेटली की तिथंच! आता रोज तेच बघतो. मी जितका जोरात गेलो तितकी ती पुलाच्या जवळ भेटते. शुक्रवारी पाइप टाकलाय तिथं भेटली, म्हणजे जांभळाच्या चार बाभळी अलीकडं. हे पाणी सारखंच असेल तर हं. पाणी वाढवलं की तीच पुढं येते, मग सगळा हिशोब नव्यानं. वही उघडायला सवडच नाही. मधे थांबलो तर जुडी जांभळ सोडून पार पुढं निघून येते, लाज वाटते.

सर, तीन नावं रोज लिहितो. कागद गल्ल्यात ठेवतो. ठेका मला जमला नाही, एक दोन तीन चार म्हणता म्हणता त्याचे हजार होतात.

चिंचोके बी खिशात आहेत, पण ते कुत्र्यासाठी. फेकायचं नुसतं हात वर करून, तेवढ्यावर मागं होतं.

पैठणपासूनचं मोजणं दुकानात कॅलेंडरवर लिहितो. ६० झाले. गिऱ्हाईकाला कळायला लागलंय. काल एक जण आत येता येता म्हणला, "शेठ, कुठवर आलात?" मी म्हणलं, "साठला. तुम्ही कुठवर आलात?" तो अकरा हजारवाला होता. दोन हजार ठेवून गेला.

आता दगडाचं. नाना, शेपूट वळलेली आहे. बघितल्यावर मला बी कसंतरीच झालं. रोज जाऊन बसायचो तिथं, कधी सातकडं नीट बघितलंच नव्हतं. काल थांबून खापरीनं घासलं. शेवाळ निघालं, पहिला आकडा एक आहे एवढं कळलं. मधल्या आकड्यावर चुन्याचे थरावर थर आहेत, पोट दिसायलंय पण दोन आहे, तीन आहे की आणखी काय ते लागंना. तुम्ही सांगू नका. दुकानात तारेचा ब्रश आहे, रविवारी घेऊन जातो.